सुवा बंदरात मी अख्खं गाव हरलो

सुवा,
बेटांच्या बोटींचा धक्का,
शनिवार, दिवेलागणीची वेळ

तीर्थरूप सेमेसामामा यांस,

तुमच्या घरात वाढलेला, तुमच्या हातचा मार खाऊन मोठा झालेला आणि एवढं होऊनही न सुधारलेला भाचा इलाइतिया याच्या, गुडघे टेकून आणि तळवे पोकळ करून वाजवलेल्या तीन आदराच्या टाळ्या. (टाळ्या खरोखरच वाजवल्या. शेजारी पोत्यांवर झोपलेला हमाल दचकून उठला आणि माझ्या सात पिढ्यांची चौकशी करून पुन्हा झोपला.)

तुमचा गुडघा कसा आहे? तोरिकामामींनी नवा दात बसवून घेतला असं ऐकलं. तो त्या रोज लावतात, की अजून फक्त रविवारी चर्चला जाताना? आईला सांगा की मी जेवतो, झोपतो आणि प्रार्थना करतो, आणि त्यातल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. चर्चच्या छपराचं काम झालं का? मी ज्या बाजूचे पत्रे ठोकले होते तिथून गळत असेल तर माझं नाव घेऊ नका.

इकडे मी खुशाल आहे, म्हणजे अंगाने. बाकीचं सविस्तर कळवतो. तुम्ही आधी बसून घ्या. उभ्याने वाचण्यासारखं हे पत्र नाही.

आमचं जहाज आज सकाळी सुवाला लागलं. तुम्हाला वाटत असेल, भाचा एवढ्या मोठ्या पांढऱ्या जहाजावर आहे, दिवसभर समुद्र बघत असेल. मामा, धुलाईखाना जहाजाच्या पोटात असतो. तिथे खिडकी नाही. गेल्या कित्येक महिन्यांत मी जेवढा समुद्र पाहिला त्याहून जास्त समुद्र तुम्ही सकाळी तांब्या घेऊन जाताना बघता. मला जहाज कळतं ते चादरींवरून. सिडनीहून निघाल्यावर पहिल्या दिवशी चादरी स्वच्छ असतात, लाटा लागल्या की काय असतं ते लिहीत नाही (मामी हे पत्र मोठ्याने वाचून घेतील), आणि बंदर आलं की उशांवर उन्हाचं तेल लागलेलं असतं. तर आज आम्हा धुलाईवाल्यांनाही दिवसभराची सुट्टी मिळाली. संध्याकाळी दुसरा भोंगा वाजायच्या आत परत यायचं, नाहीतर जहाज थांबत नाही. आणि मला तर आज उतरायलाच हवं होतं, कारण मला इथेच, सुवातल्या रायवाईला, वासितीच्या घरी दुपारच्या जेवणाला बोलावलं होतं.

वासिती कोण, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. (राहिलं म्हणजे सांगितलं नाही.) ती आमच्याच धुलाईखान्यात होती. मोठ्या पलंगाची चादर एकट्याला घडी घालता येत नाही मामा. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, मग चालत चालत एकमेकांजवळ यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, आणि पुन्हा लांब जायचं. असं दिवसभर. जहाजावर माणसं दोन हजार. आता तुम्हीच सांगा, यात माझा काय दोष? दोन महिन्यांपूर्वी ती नोकरी सोडून घरी आली आणि तेव्हापासून माझ्या चादरी टोंगा बेटांवरचा एक दाढीवाला धरतो. वासितीने निरोप धाडला होता: बाबांना तुला बघायचंय, त्यांच्यापुढे ठेवायला यांगोनाची, कुटून पितात ती, चांगली मुळी घेऊन ये, कपडे इस्त्रीचे घाल, आणि जमलं तर कमी बोल. तिच्या बाबांच्या, अपोरोसांच्या, मनात दुसराही एक मुलगा आहे. शाळामास्तर आहे आणि पांढरे मोजे घालतो. म्हणजे आज मी पसंत पडलो नाही तर पांढरे मोजे पसंत पडणार, इतकं साधं होतं.

तर मी कमरेला इस्त्रीचा सुलू गुंडाळून, फुलाफुलांचा शर्ट घालून, पायात नवे बूट घालून उतरलो. धक्क्यावर पोलिसांचा बँड वाजत होता आणि आमचे उतारू त्यांच्या झालरीदार सुलूंचे फोटो काढत होते. एका आजीबाईंनी माझाही काढला, मग मला ओळखून म्हणाल्या, अरे, माझ्या खोलीतला एक टॉवेल कमी आहे. मी त्यांना हात जोडून निसटलो. वेळ भरपूर होता. आधी बसस्टँडजवळ रोटी-पार्सल खाल्लं, बटाट्याचं. मग वाटलं, एक मटणाचंही खावं. मग अल्बर्ट पार्कच्या मैदानावरून जाताना कोणीतरी हाक मारली की एका बाजूला एक गडी कमी पडतोय. मामा, रग्बीचा एक गडी कमी असताना पुढे निघून जाणारा माणूस आपल्या बेटावर अजून जन्मला नाही. मी फक्त थोडा वेळ खेळलो. शर्टाचा खिसा फाटला तो तेवढ्यात. सुलूवरचा चिखल वाळला की झटकता येईल असं त्यांच्यातला एक जण म्हणाला, आणि तो धोबी नव्हता हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कुठे होतो मी? हां, मुळी. मुळी घ्यायला मी बाजारात गेलो.

आता चूक कुठे झाली ते सांगतो, आणि त्यात थोडा तुमचाही हात आहे. मला पाढे कोणी शिकवले नाहीत, पण तौवू म्हणजे कोण हे तुम्ही मला मांडीवर घेऊन शिकवलंत. आपलं वाइनिका आणि समुद्रापलीकडचं नासासा, दोन्ही गावांचा मूळपुरुष एक, म्हणून नासासाचं माणूस दिसलं की पहिलं काम म्हणजे शिवी हासडायची आणि दुसरं काम म्हणजे त्याच्या हातातलं आवडेल ते उचलायचं. तो हसणार, उलट शिवी देणार, आणि पुढच्या खेपेला आपल्या अंगणातलं डुक्कर घेऊन जाणार. नियम दोनच: रागवायचं नाही, आणि माफी मागायची नाही. जो रागावला तो हलका, आणि ज्याने माफी मागितली त्याचं अख्खं गाव हरलं. आजोबा गेले तेव्हा नासासाच्या बायका आल्या होत्या, आठवतं? सगळे रडत होते आणि त्यांनी, ऊठ रे म्हाताऱ्या, फुकट झोपतोस काय, म्हणून आजोबांच्या पायांवरची चटई ओढून नेली. आजी रडता रडता इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मला तेव्हापासून वाटतं, जगात आपल्याला कुठेही काहीही झालं तरी एक नासासाचं माणूस जवळ असावं.

तर बाजारात अळकुड्यांच्या ढिगाशी एक बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. दाराएवढी रुंद पाठ, आणि त्या पाठीवर हिरवा-पांढरा शर्ट, नासासाच्या रग्बी संघाचा, मधोमध खेकडा काढलेला. एवढे महिने सिडनीच्या उशा धुतल्यावर तो खेकडा बघून मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी मागून जाऊन मोठ्याने ओरडलो, "काय गं ए नासासाच्या उपाशी खेकडे! बापजन्मी अळकुडी पाहिली नाहीस वाटतं, एवढी दाबून बघतेस ती?" आणि त्यांच्या हातातली माशांची माळ, चांगले लठ्ठ निळे मासे होते, काढून घेतली.

बाई सावकाश वळल्या. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. अळकुड्यांवाली तर तोंडावर हात घेऊन बसली.

"कोणाचा रे तू?" बाईंनी विचारलं.

मी छाती काढून सांगितलं, वाइनिकाचा, सेमेसाचा भाचा, इलाइतिया, जहाजावरचा.

"असं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे डोक्यापासून चिखलापर्यंत बघून म्हणाल्या, "पोरा, हा शर्ट चर्चच्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून घेतलाय मी. मी नाही बाबा नासासाची."

मामा, धुलाईखान्यात वाफेचा नळ फुटला की आम्ही जसे पळतो तसा मी पळालो. परक्या बाईला, भर बाजारात, आईच्या वयाच्या! मुळ्या विकणारे बसतात त्या वरच्या मजल्याच्या जिन्यावर पोचल्यावर लक्षात आलं की मासे माझ्याच हातात आहेत. परत जायची छाती होईना. टाकून द्यावेत तर अन्न. मुळी घेतली, टॅक्सी केली. चालक दोरसामी नावाचा होता, वाटेत मी त्याला सगळं सांगितलं (मला कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच). तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका भाऊ, ती बाई तुम्हाला परत थोडीच भेटणार आहे! आणि सासरी रिकाम्या हाताने जाऊ नये, मासे आहेत तर तेच द्या की." मला हे इतकं पटलं की मी त्याला एक मासा दिला.

अपोरोसांचं घर छोटंसं, पण चटया नव्या होत्या, त्यांच्या कडांना रंगीत लोकरीची झालर. अपोरोसा मधोमध बसले होते. फार कमी बोलणारा माणूस. मी वाकून आत गेलो, मुळी पुढे ठेवली, टाळ्या वाजवल्या आणि तुम्ही शिकवलेलं भाषण सुरू केलं. सुरुवात छान झाली. मधे थोडं विसरलो, तिथे ख्रिसमसच्या नाटकातलं घातलं. अपोरोसांनी मुळीला हात लावला, म्हणजे स्वीकारली, आणि माझ्या जिवात जीव आला. वासिती दारात उभी होती, तिने हळूच खूण केली की छान चाललंय. मग मी म्हटलं, आणि घरच्या आईसाहेबांसाठी मी स्वतः निवडून थोडे मासे आणलेत.

स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि त्यातून हिरवा-पांढरा खेकडा बाहेर आला.

"हे मासे," बाई माळ हातात घेऊन म्हणाल्या, "ओळखीचे वाटतात मला. एक कमी आहे."

त्या लोसाना. वासितीची आई.

मी तिथल्या तिथे गुडघ्यांवर आलो आणि म्हटलं, आत्या, माफ करा. त्या म्हणाल्या, "ऐकू नाही आलं." मी मोठ्याने म्हटलं. मग त्यांनी खिडकीतून हाक मारली, "सिलिना! अगं ये, इथे एक पोरगा काहीतरी म्हणतोय, मला म्हातारीला नीट कळत नाही," आणि शेजारची सिलिना पिठाचे हात घेऊन आली. मी तिच्यासमोर पुन्हा म्हटलं. सिलिनाने विचारलं, "कशाबद्दल?" मग मला खेकड्यापासून सगळं सांगावं लागलं. लोसानाबाईंनी डोळ्यांना पदर लावल्यासारखा शर्टाचा कोपरा लावला आणि म्हणाल्या, "माझा बाप काढला गं याने भर बाजारात." वासिती तर दारातून आत पळाली आणि आत कसला तरी आवाज झाला. मला वाटलं, हुंदका. मला समोर पांढरे मोजे दिसायला लागले मामा. अगदी लख्ख, निळीतून काढलेले.

मग जी माझी जीभ सुटली ती सुटली. मी म्हटलं, मी आईविना वाढलो (आईला सांगू नका). मी म्हटलं, माझे बूट घ्या, नवे आहेत. त्यांनी बूट घेतले, उलटे करून पाहिले आणि कोपऱ्यात ठेवले. मग शांतपणे विचारलं, "माफी तू एकट्यापुरती मागतोस, का गावाच्या वतीने?" मला वाटलं, बाई रीतीच्या पक्क्या आहेत, गावाच्या वतीने मागितली तर वजन पडेल. मी कपाळ चटईला टेकवून म्हटलं, "वाइनिकाच्या वतीने, आत्या! जिवंत आहेत त्यांच्या, मेले आहेत त्यांच्या, आणि अजून जन्माला यायचे आहेत त्यांच्याही वतीने!"

आणि मग लोसानाबाई खाली बसल्या, बसल्या म्हणजे कोसळल्या, आणि मांड्यांवर थापा मारत अशा हसल्या की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. सिलिनाच्या डोळ्यांतून पाणी. आतून वासिती आली, तोंडात फडकं कोंबलेलं होतं, म्हणजे हुंदका नव्हता. "हरला!" लोसानाबाई ओरडल्या. "वाइनिका हरलं! जन्माला यायच्या आधीच हरलं!"

मामा, त्या जन्माने नासासाच्याच. लग्न होऊन इकडे आल्या. शर्ट त्यांच्या सख्ख्या भावाचा. बाजारात माझं नाव-गाव ऐकल्याबरोबर त्यांच्या लक्षात आलं की हाच तो जेवायला येणारा, आणि मी मुळी घेत होतो तेवढ्यात त्या मिळेल ती बस पकडून घरी पोचल्या होत्या, हे सगळं जमवायला. मी म्हटलं, पण तुम्ही खोटं बोललात! त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या-आमच्या मूळपुरुषाने खोटं बोलू नका असं कधी सांगितलं होतं? शिवी देऊन पळून जातोस, वाइनिकाच्या पळपुट्या सशा? उभा राहून दुसरी शिवी दिली असतीस तर मी तुला तिथेच मिठी मारली असती." वासितीला मी म्हटलं, तू तरी सांगायचंस की आई नासासाची आहे. ती म्हणाली, "तू विचारलंस कधी? बाबांचं गाव विचारलंस, बाबांचं काम विचारलंस, बाबांना काय आवडतं ते विचारलंस." आणि मामा, ते मात्र लागलं. मी स्वतः आईच्या गावात, आईच्या भावाच्या ताटातलं खाऊन वाढलेला, आणि मुलीच्या आईचं गाव कुठलं हे मला विचारावंसं वाटलं नाही.

मग जेवलो. निळे मासे नारळाच्या दुधात. लोसानाबाईंनी माझ्या ताटातला सगळ्यांत मोठा तुकडा उचलला आणि माझ्याकडे बघत खाल्ला. मी त्यांच्या ताटातला उचलला. त्या म्हणाल्या, "हां, आता आला माणसात." पाणी पिऊन झाल्यावर अपोरोसांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "मुलगा गुडघ्यांवर चांगला बसतो. या घरात तेच लागतं. मी इतकी वर्षं तेच करतोय." मास्तरचा विषय त्यांनी काढला नाही. वासिती म्हणते, बाबांचा होकार असाच असतो.

लोसानाबाईंनी मात्र अजून होकार दिलेला नाही. त्याबद्दल खाली लिहितो.

आता जहाजाचा पहिला भोंगा झाला. मला अनवाणी चढावं लागणार आहे, कारण बूट मागायची सोय नाही. मुकादम विचारेल तेव्हा काय सांगावं याचा विचार करतोय. मामा, एवढं सगळं झालं पण मला आजच्याइतकं घरी आल्यासारखं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तिथे माझ्यावर सगळे हसत होते आणि मला वाटत होतं, हसू देत, अजून थोडं हसू देत. सर्वांना माझा नमस्कार सांगा, मामींना विशेष, आणि गावाला यातलं काही सांगू नका. निदान जे अजून जन्माला यायचेत त्यांना तरी.

तुमचा, तुमच्याच वतीने हरलेला,
इलाइतिया

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहूनच गेलं. आजोबांचा देवमाशाचा दात, तुमच्या पेटीत चटईत गुंडाळून ठेवलेला, तो हवा आहे. पुढल्या महिन्यात जहाज पुन्हा सुवाला लागेल तेव्हा तुम्ही गावची चार वडील माणसं आणि तो दात घेऊन अपोरोसांच्या घरी यावं आणि रीतीप्रमाणे वासितीला मागणी घालावी. भाच्याला मामाच्या घरातलं काहीही न विचारता उचलायचा हक्क आहे हे मला माहीत आहे. पण हे उचलायचं नाही मामा. हे तुम्ही हातात धरून आणावं असं वाटतं.

ता. क. दुसरा. लोसानाबाईंची अट आहे. त्या म्हणाल्या, "भाचा तर मेणाचा निघाला. त्या गावात ताठ कण्याचं एक तरी माणूस आहे का, हे मी स्वतः बघणार. तुझा मामा रागावला नाही आणि माफीही मागितली नाही, तर मुलगी दिली. नाहीतर मास्तर आहेच." त्या आज रात्रीच्या बोटीने वाइनिकाला निघाल्या आहेत. तुमच्या रागाची मला काळजी नाही. तुम्ही कधी कोंबडीवरही रागावला नाहीत. पण मामा, तुम्ही दारातून जाताना दाराची माफी मागता. प्रवचनात शिंक आली तर देवाची मागता. सगळ्या बेटावर तुमच्यासारखा सभ्य माणूस नाही, आणि माझा संसार नेमका त्यावर अडकलाय.

ता. क. तिसरा. हे पत्र टपालात टाकायला वेळ उरला नाही, म्हणून त्यांच्याच हाती देतोय. वाचणार नाही असं त्यांनी बायबलवर हात ठेवून सांगितलंय. (दुसऱ्या पानावरचा माशाच्या तेलाचा अंगठा माझा नाही.) तेव्हा आता कागद खाली ठेवा आणि मान वर करा. समोर ज्या उभ्या आहेत त्या त्याच. त्यांच्या काखेत तुमचं जे काही असेल ते राहू द्या. एक चांगली सणसणीत शिवी आठवा, मामींना विचारा, त्यांना येतात. आणि तुमच्या पाया पडतो मामा, काहीही झालं तरी माफी मागू नका.